डब्बा, लंगडा, शायना

आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खुब्याचा बॉल बदलला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला आले आणि म्हणाले, "आज उभं करू." आम्ही घरचे सगळे एकमेकांकडे पाहायला लागलो. आमच्याकडचा जुना हिशेब असा, की हाड मोडलं म्हणजे तीन महिने पलंग. सासूबाईंच्या मोठ्या बहिणीचा खुबा मोडला तेव्हा त्या काटोलला तशाच पडून राहिल्या होत्या. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला, त्या काही परत उठल्या नाहीत. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं, तरी टाके ओले असताना माणसाला उभं करायचं म्हटल्यावर पोटात गोळा यायचा तो आलाच.

आईंचं वय ७४. मोरीतून बाहेर येताना पाय सरकला, एवढंच निमित्त झालं आणि मांडीचं हाड मानेशी, म्हणजे खुब्याच्या बॉलच्या लगेच खाली, मोडलं. तिथे हाड मोडलं की बॉलचा रक्तपुरवठाच तुटतो, मग या वयात ते जुळायची वाट पाहण्यापेक्षा बॉल बदलून टाकलेला बरा, असं सर्जननी समजावून सांगितलं. नवा धातूचा बॉल सिमेंटनं पक्का बसवला होता. त्यामुळे सोसवेल तितका भार पहिल्या दिवसापासून द्यायला हरकत नव्हती.

भार द्यायचा की नाही हे ऑपरेशन कोणतं झालं त्यावर ठरतं, हे मला शेजारच्या खाटेवरून कळलं. तिथे गाडी घसरून नडगी मोडलेला एक कॉलेजातला पोरगा होता. त्याला प्लेट टाकली होती आणि पायावर थोडासाच भार द्यायची परवानगी होती. थोडासा म्हणजे किती, हे त्याला कळावं म्हणून वजनाचा काटा जमिनीवर ठेवून त्यावर पाय दाबायला लावायचे. काट्याची सुई ठरलेल्या आकड्यावर आली की थांबायचं. "हा दाब लक्षात ठेव, चालताना एवढाच." कुबड्यांवर तो बगलेतून लोंबकळायचा आणि मग हाताला मुंग्या येतात म्हणून कुरकुरायचा. कुबडीचा वरचा भाग आणि बगल यांच्यात दोन-तीन बोटं मोकळी हवीत, भार तळहातांवर हवा. बगलेतून जाणारी नस दाबली गेली तर मनगट लुळं पडू शकतं, असं सांगितल्यावर मात्र त्याची कुरकुर बंद झाली. तर असा हा तरणाताठा पोरगा एक पाय अधांतरी ठेवून चालणार आणि आमच्या आई दोन्ही पायांवर. आईंना याचं फार अप्रूप वाटलं.

व्यायामाच्या मॅडम (फिजिओथेरपिस्टना अख्खा वॉर्ड याच नावानं हाक मारायचा) आल्या त्या वॉकर न घेताच. आधी झोपल्या झोपल्या पावलं खालीवर करायला लावली. मग पलंगाची डोक्याकडची बाजू हळूहळू उंच केली. मग पाय खाली सोडून आईंना काठावर बसवलं आणि तसंच बसवून ठेवलं. बीपी पाहिलं. "आजी, घेरी येते का? डोळ्यांपुढे अंधारी?"

"घेरी नाही येऊन राहिली, पण एवढी घाई काहून करून राहिल्या तुम्ही?"

मॅडम हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. बराच वेळ आडवं असलेलं माणूस एकदम उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, दाब पडतो, आणि उभं राहिल्या राहिल्याच कोसळायला होतं. म्हणून आधी काठावर बसायचं, चार शब्द बोलायचे, पावलं हलवायची, आणि चेहरा ठीक वाटला तर पुढे. रात्री दोन वाजता संडासची घाई असली तरी हा क्रम मोडायचा नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

मग वॉकर आला. तो आधीच्या कुण्या उंच पेशंटच्या मापाचा होता. आईंनी मुठी धरल्या तर खांदे कानांना टेकले. मॅडमनी आईंना आधार देऊन उभं केलं, हात दोन्ही बाजूंना सैल सोडायला सांगितले आणि मला म्हणाल्या, "ताई, मनगटाची घडी बघा कुठे येते. मूठ तिथे हवी." वॉकरच्या प्रत्येक पायात भोकांची रांग असते आणि एक बटण बाहेर आलेलं असतं. ते दाबून पाय आत सरकवायचा, पुढच्या भोकात बटण खट्‌कन बाहेर आलं पाहिजे. चारही पायांचं भोक एकच हवं. त्या मापाला मूठ धरली की कोपर जरासं वाकलेलं राहतं, वीस ते तीस अंशांत, आणि त्याच वाकाच्या जोरावर हातांनी खाली दाबता येतं. वॉकर बुटका असला की माणूस कमरेत वाकतो, आणि बॉल बदललेल्या माणसानं तर वाकायचंच नसतं.

चालण्याचा क्रम साधा आहे. वॉकर पुढे ठेवायचा, चारही पाय एकदम टेकले पाहिजेत. मग ऑपरेशनचा पाय. मग हातांवर भार टाकून चांगला पाय. दुखरा पाय आधी का, हे मला सुरुवातीला उलटं वाटत होतं. चांगल्या पायानं वाट काढावी, दुखऱ्यानं मागून यावं, असं आपलं वाटतं. पण दुखरा पाय पुढे टाकताना तो हवेतच असतो, त्या वेळी शरीर चांगल्या पायावर उभं असतं. खरी परीक्षा चांगला पाय उचलताना, कारण तेव्हा सगळा भार दुखऱ्यावर येणार. त्या क्षणी वॉकर आधीच पुढे ठेवलेला असतो आणि हात त्या भारातला वाटा उचलतात. आत किती शिरायचं यालाही माप आहे. पाऊल वॉकरच्या मधोमध यावं. पोट पुढच्या दांडीला लागेपर्यंत आत गेलं की तोल मागे जातो. वॉकर फार लांब ठेवला की माणूस त्याच्या मागे धावतं.

आईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या भाषेत बसवून टाकलं. "आंधी डब्बा, मंग लंगडा, मंग शायना." वॉर्डातून पहिल्यांदा दारापर्यंत गेल्या त्या हेच मोठमोठ्यानं म्हणत. शेजारचा पोरगा हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवसापासून मॅडमही इतर पेशंटना तेच सांगायला लागल्या.

आमचे धाकटे भाऊजी म्हणजे पहिलवान गडी. आईला चालवायचं म्हटल्यावर ते समोर जाऊन उभे राहिले, आईंचे दोन्ही हात धरायला लागले आणि स्वतः उलटं चालायच्या तयारीत. मॅडमनी त्यांना बाजूला केलं. समोर उभं राहिलं तर वॉकर ठेवायचा कुठे? शिवाय हात आपण धरले की पेशंटचे हात कामाचे राहत नाहीत. दंड धरणं, बगलेत हात घालून उचलणं, हे तर नकोच. म्हाताऱ्या खांद्याचा सांधा तेवढ्यानं दुखावतो. मदतनीसाची जागा दुखऱ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. एक पाय पुढे, एक मागे, म्हणजे आपलाही तोल पक्का. एक हात पेशंटच्या कमरेच्या पट्ट्यात, तळहात वर करून, मागच्या बाजूनं. दुसरा हात खांद्याजवळ नुसता तयार.

हा पट्टा आम्हाला नवीन होता. रुंद, जाड सुती, बकल असलेला. कपड्यांवरून कमरेला बांधायचा, दोन बोटं आत जातील एवढा सैल. त्याला ओढायचं नाही, उचलायचं तर मुळीच नाही. तो असतो तोल गेला तर आपल्या हाताला पकड मिळावी म्हणून. आईंच्या मनाला आधी तो फार लागला. "बैलाले कासरा बांधते तसा बांधून राहिली मले," असं म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

आणि तोल गेलाच तर? भाऊजी म्हणाले, "मी उचलून धरीन नं." तेव्हा मॅडमनी त्यांनाच पेशंट केलं. त्यांच्या कमरेला पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "गुडघे ढिले सोडा." भाऊजी ८५ किलोचे, मॅडम त्यांच्या निम्म्या. भाऊजींनी गुडघे सोडले तसा मॅडमनी पट्टा स्वतःच्या अंगाकडे ओढला, आपला एक पाय पुढे घेतला आणि भाऊजी त्यांच्या मांडीवरून घसरत घसरत खाली, अलगद फरशीवर बसले. मॅडम त्यांच्याबरोबरच गुडघ्यांत वाकत खाली आल्या होत्या, एक हात भाऊजींच्या डोक्यामागे. पडणारं माणूस थोपवायला गेलं की दोघं पडतात आणि थोपवणाऱ्याची कंबर जाते. त्याला हळू खाली आणायचं. डोकं आणि खुबा वाचला की झालं. मग मला करायला लावलं, भाऊजींवरच. दुपारी वॉर्डात आमची ही कुस्ती पाहायला गर्दी जमली होती.

पण मॅडमचं एक वाक्य मला सगळ्यात उपयोगी पडलं, आणि ते त्यांनी जाता जाता सांगितलं. "ताई, चालताना फारसं कोणी पडत नाही. बसताना पडतात." त्यांचं म्हणणं असं, की चालताना पेशंट भ्यालेला असतो, मदतनीस सावध असतो, सगळ्यांचं लक्ष पावलांवर. पलंग दोन पावलांवर आला की दोघंही सैल पडतात. पेशंट वॉकर सोडून पलंगाकडे हात लांबवतो, मदतनीस उशी सारखी करायला वळतो. नेमकं तिथेच होतं जे व्हायचं ते. उठणं, वळणं आणि बसणं या तीन गोष्टी शिकल्या की मधलं चालणं आपोआप येतं, असं त्या म्हणायच्या. मी घरी आल्यावर जे काही केलं ते या एका वाक्याच्या धाकानं.

बसायची रीत अशी. पलंगापाशी आल्यावर वॉकरसकट वळायचं, छोट्या छोट्या पावलांनी. दुखरा पाय जमिनीला रोवून त्यावर गिरकी घ्यायची नाही. मग मागे मागे सरायचं, दोन्ही पायांच्या पोटऱ्यांना पलंगाचा काठ लागेपर्यंत. काठ लागला हे पेशंटनं तोंडानं सांगायचं. मग दुखरा पाय थोडा पुढे सरकवायचा. एक हात वॉकरवरून काढून मागे पलंगावर, मग दुसरा, आणि मग सावकाश खाली. उठताना याच्या उलट. दोन्ही हात पलंगावर किंवा खुर्चीच्या हातांवर दाबून उठायचं, उभं राहिल्यावर मगच वॉकर धरायचा. वॉकर ओढून उठायला गेलं की तो अंगावर येतो, कारण त्याला आपलं वजन असं काही नसतंच. आईंना "काठ लागला" म्हणायची सवय लागायला बरेच दिवस गेले. न सांगता बसल्या की मी परत उभं करायची. मग आठवडाभर सासू-सुनेत जे व्हायचं ते झालं.

घरी आणताना ऑटो नाही, कार बोलावली. ऑटोची सीट ठेंगणी, गुडघे वर येतात. शिवाय नागपुरातले धंतोलीपासून महालापर्यंतचे रस्ते माहीत आहेत सगळ्यांना. कारची पुढची सीट पूर्ण मागे सरकवली, त्यावर जाड उशी ठेवली. आई पाठमोऱ्या वळून आधी सीटवर बसल्या, मग पाय एकेक करून आत घेतले. पहिले काही आठवडे नियम होता, की मांडी आणि धड यांचा कोन काटकोनापेक्षा लहान होऊ द्यायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. नाहीतर नवा बॉल वाटीतून निसटू शकतो. म्हणजे पाट, चटई, मांडी घालून जेवण, देशी संडास, खाली पडलेली वस्तू वाकून उचलणं, सगळं बंद. आईंचा जन्म यातच गेलेला. जपमाळ खाली पडली तरी हात आपोआप खाली जायचा, मी ओरडायची, त्या दचकायच्या.

आमचं घर बडकस चौकाजवळ गल्लीत, जुन्या वाड्याचा एक तुकडा. अशा घरात वॉकर आणला की घर आपल्याला नव्यानं कळतं. संडासाच्या दाराची चौकट टेपनं मोजली तर २२ इंच निघाली आणि वॉकर तिच्याहून रुंद. दिवाण ठेंगणा होता, सुताराकडून चार इंचांचे लाकडी ठोकळे करून घेऊन उंच केला. पायपुसणी सगळी उचलली. टीव्हीची वायर भिंतीला ठोकली. उंबरठे मात्र आईंनी काढू दिले नाहीत. "लक्ष्मीची जागा हाये थे." मग त्यांवर जाड पिवळ्या पट्ट्या मारल्या आणि उंबरठ्यापाशी काय करायचं ते पाठ केलं. वॉकरचे चारही पाय उंबरठ्यापलीकडे टेकल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. दोन पाय इकडे आणि दोन तिकडे असताना कधीही नाही.

संडासाचा प्रश्न भांडं लावलेल्या खुर्चीनं सुटला, पण ती ठेवायची कुठे? आईंच्या खोलीत ठेवली तर तिच्या मागच्या भिंतीला देवघर. आईंनी दोन दिवस त्यावर बसायला साफ नकार दिला. शेवटी त्यांचा पलंगच पुढच्या खोलीत आणला, खुर्चीला पडदा केला. मग पुढच्या खोलीत पाहुणे! भेटायला येणाऱ्यांचा राबता कसा असतो ते काही सांगायला नको. चपला दारातच, पिशव्या पलंगाच्या पायाशी, पोरं वॉकरवर लटकलेली. आणि प्रत्येकाचा एकच सल्ला: "वॉकरची सवय लागू देऊ नका, मग सुटत नाही." माझा स्वभाव तसा गोडबोला, पण त्या दिवसांत मी दारावर चक्क पाटी लावली: चपला बाहेरच्या रॅकमध्ये, पिशव्या टेबलावर. सल्ल्यांसाठी पाटी लावता आली नाही.

कपड्यांचंही एक प्रकरण झालं. साडीच्या निऱ्या वॉकरच्या आत पायांत येतात आणि पाऊल उचलताना टाचेखाली सापडतात. गाऊन घालायला आई तयार नव्हत्या, मुलांसमोर तर नाहीच. मग घोट्याच्या चार बोटं वर येईल असा गाऊन शिवून घेतला आणि वरून पदरासारखी ओढणी, जी पुढे खोचलेली असेल. पायात मागे पट्टा असलेल्या सॅंडल. अंगठ्याच्या स्लिपर आणि नुसते मोजे, दोन्ही कपाटात बंद.

वॉकर आम्ही मेडिकल चौकाजवळच्या एका सर्जिकल दुकानातून घेतला. दुकानदार पुढे चाकं असलेला दाखवत होता, महाग आणि दिसायला छान. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, की आमच्या फरशीवर आणि आईंच्या हातांच्या ताकदीला बिनचाकांचा, घडीचा, अॅल्युमिनियमचा ठीक. चाकांचा ज्यांना वॉकर उचलवत नाही त्यांना सोयीचा, पण तो पळतो. पायांखालची रबरी बुचं मी दुकानात उलटी करून पाहिली. त्यांच्या वळ्या झिजल्या की गुळगुळीत टाइलवर वॉकर सरकतो. बुचांची एक जोडी जास्तीची घेऊन ठेवली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या आईलाही गुडघ्यांचा त्रास. त्यांना मी मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा अर्ज भरून दिला. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची असल्या वस्तूंसाठी ३,००० रुपये एकदा बँकखात्यात मिळतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना वेगळी, ती २०१७पासून आहे आणि तिच्यात वस्तूच मिळतात.

नागपूरचा उन्हाळा सुरू झाला आणि नवीनच गोष्टी पुढे आल्या. खिडकीतला कूलर खोलीभर गारवा करतो आणि त्याखाली पाण्याचं थारोळं. पाण्याचा पाइप टाकी भरायला आडवा पडलेला. कूलर मी आईंच्या चालण्याच्या वाटेपासून दूरच्या खिडकीत हलवला आणि टाकी भरायचं काम त्या झोपलेल्या असताना. पण खरा घोळ पाण्याचा होता, पिण्याच्या. सारखं उठावं लागतं म्हणून आई पाणीच कमी प्यायच्या. बीपीची गोळी चालूच होती.

एप्रिलमधली दुपार, पारा चव्वेचाळीसच्या आसपास. खुर्चीवरून पलंगाकडे येत होतो. सगळं ठीक, डब्बा, लंगडा, शायना. पलंग दोन पावलांवर आला आणि आईंनी वॉकर सोडून उजवा हात पलंगाकडे टाकला. वळलेल्याही नव्हत्या. त्याच क्षणी गुडघे गेले. पट्टा माझ्या हातात होता. मी तो अंगाकडे ओढला, पाय पुढे घेतला आणि आई माझ्या मांडीवरून घसरत फरशीवर आल्या. आवाजसुद्धा झाला नाही. वॉकर मात्र धाडकन पडला, त्याच्या आवाजानं शेजारच्या काकू धावत आल्या.

मी आईंना उठवलं नाही. मांडीवर डोकं घेतलं, मॅडमना फोन लावला. त्यांनी विचारलं ते सगळं मी पाहून सांगितलं. जांघेत जोराची कळ आहे का? एक पाय आखूड दिसतो का? पाऊल आत किंवा बाहेर वळून पडलंय का? पाय हलवता येतो का? यातलं काही असतं तर हात न लावता अॅम्ब्युलन्स. तसं काही नव्हतं. बसवून उठवायला गेलं तर खुबा काटकोनाच्या आत वाकणार, म्हणून जाड सोलापुरी चादर अंगाखाली सरकवली. गल्लीतल्या चौघांना बोलावलं आणि सरळ चादरीतच उचलून पलंगावर. बीपी फार खाली आलं होतं. संध्याकाळी डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली आणि पाणी, ताक, पन्हं ठरावीक वेळेला द्यायला सांगितलं. त्या दिवसानंतर पट्ट्याबद्दल आई एक अक्षर बोलल्या नाहीत. उलट मी विसरले तर, "माहा पट्टा कुठी हाये?"

वॉकरवरून काठीवर जायचं कधी, हे आम्ही ठरवलं नाही, मॅडमनी परीक्षा घेतली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं, बसायचं, हातात घड्याळ. या चाचणीत बारा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका धरतात. आईंना पहिल्या वेळी त्याच्या दुपटीहून जास्त लागला. मॅडमचं घड्याळापेक्षा वळण्याकडे आणि बसण्याकडेच जास्त लक्ष होतं, हे मला आता कळत होतं. मेमध्ये काठी मिळाली.

काठी हातात आल्याबरोबर आईंनी ती दुखऱ्या बाजूच्या हातात धरली. जगात सगळे तशीच धरतात. पाय डावा दुखतो, मग आधार डावीकडे नको का? तर नको, उजवीकडे हवा. एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून त्या खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंना जोर लावून ओढून धरावं लागतं, आणि त्या ओढीमुळे सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. काठी विरुद्ध हातात असली की ती खुब्यापासून लांब टेकते, म्हणून हातानं दिलेल्या थोड्याशा दाबानंही स्नायूंचं काम पुष्कळ हलकं होतं. शिवाय चालताना उजवा हात आणि डावा पाय तसेही बरोबरच पुढे जातात. काठी आणि दुखरा पाय एकदम, मग चांगला. आईंनी डब्ब्याच्या जागी दांडका घातला आणि गाडी पुढे चालू झाली.

पायऱ्यांना सूत्र वेगळं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चढताना शरीर वर ओढायचं काम चांगल्याचं, उतरताना शरीर हळू सोडायचं कामही मागे राहिलेल्या चांगल्याचंच. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात काठी. आणि मदतनीस नेहमी खालच्या बाजूला. चढताना मागे, उतरताना पुढे एक पायरी खाली. आमच्या ओट्याला तीन पायऱ्या आणि कठडा नव्हता. लोहाराकडून नळीचा कठडा बसवून घेतला. गल्लीतले सगळे म्हातारे आता आमच्या ओट्यावर बसतात, त्याला कारण हा कठडाच.

आईंनी आता टेकडीच्या गणपतीच्या दर्शनाला जायचं काढलं आहे. चतुर्थीला नको, गर्दी असते, हे त्यांना पटलंय. मधल्या एखाद्या बुधवारी, सकाळी सहाच्या आत, भाऊजींच्या गाडीतून. भाऊजी म्हणतात, मी वर उभा राहून हात देतो. मी म्हटलं, नाही, तुम्ही खाली.